एका वेळी एकच बाटली

परळीतल्या आमच्या घरमालकांच्या घरात कुठलीही वस्तू दुसरी नव्हती. एक साबण, एक काडेपेटी, खिशाला एक पेन. शर्ट तेवढे दोन होते, कारण एक वाळत घातल्यावर दुसरा लागतो, त्याला इलाज नाही. लाईट गेली की काका चपला घालून मेणबत्ती आणायला निघायचे. ते परत येईपर्यंत बहुतेक वेळा लाईट आलेली असायची. मग ती मेणबत्ती तशीच दुकानदाराला परत. "जळाली न्हाई, घ्या." दुकानदारही बिचारा घ्यायचा.

राहायला गेले त्याच दिवशी मी चमचाभर चहापत्ती मागितली तर म्हणाले, "सकाळीच संपली. आता जाऊन आनतो." मी म्हटलं, अहो, संपत आली की आधीच आणून ठेवायची ना! त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी काहीतरी वाईट बोलले. "आदी न्हाई. संपल्यावर आनू." गल्लीत त्यांचं नावच पडलं होतं, संपल्यावर काका. पोरं तोंडावर म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

गाडीचं तिकीटसुद्धा ते गाडी फलाटाला लागल्यावर काढायचे. रांग मोठी असली की गाडी निघून जायची आणि हे पिशवी घेऊन शांतपणे घरी परत. "गेली गाडी." "मग आता?" "उद्या हाय की." मला हसू यायचं, पण राग जास्त यायचा. उंच, जरा वाकलेला, बोलायला नेमका आणि वागायला असा उलट्या खोपडीचा माणूस मी पाहिलाच नव्हता. थर्मल वीजकेंद्राच्या ल्याबमध्ये त्यांची सगळी नोकरी बॉयलरचं पाणी तपासण्यात गेलेली. त्यामुळं पाणी असो, दूध असो, कुठलीही पातळ वस्तू ते आधी उजेडात धरायचे. रिटायर होताना साहेबांनी दिलेला काचेचा एक मापाचा नळा त्यांच्या फळीवर उभा असायचा. घरात शोभेची वस्तू ती तेवढीच.

मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात कंत्राटी शिक्षिका होते, इतिहास शिकवायचे. नवरा पुण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. आई नव्हती. सासर कडा गावाजवळचं, पण सासूबाईंना सासऱ्यांच्या अंथरुणापासून हलता येत नव्हतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बाळंत झाले आणि लेक महिन्याची झाल्यावर वरच्या दोन खोल्यांत परत आले. दिवसभर मी आणि ती. खिडकीत थर्मलच्या राखेचा थर पुसायचा, लंगोट धुवायचे, पुन्हा राख पुसायची. दूधवाल्याशी जे बोलेन तेवढंच मोठ्या माणसाशी बोलणं. खाली काका एकटे, वर आम्ही दोघी. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला पाठ झालेल्या आणि माझ्या लेकीचं रडणं त्यांना.

लेकीला पहिल्यांदा बघायला आले तेही जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीपर्यंतच. वर काही आले नाहीत. तिथूनच मान उंच करून विचारलं, "रडली का जोरात?"

मी म्हटलं, "रडते की. रोज रडते."

"झकास," म्हणाले आणि उतरून गेले. पुढं रोज सकाळी तेच. "रडली का?" हो म्हटलं की चेहरा खुलायचा. लोक विचारतात बाळ हसलं का, पालथं पडलं का. आणि हा बाबा रडण्याची चौकशी करतो! मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, तुझा घरमालक जरा चक्रम आहे. बरं, तिला कधी घ्यायचं नाव नाही. मी पुढं धरली की हात मागं बांधायचे. "असू द्या, असू द्या."

लेक साडेपाच महिन्यांची झाली आणि प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, पुढच्या सोमवारपासून या. नाहीतर आम्हाला दुसरी सोय बघावी लागेल." एक आठवडा हातात. शेजारच्या मावशी दहा ते तीन लेकीला सांभाळायला तयार होत्या, मी दूध काढून ठेवून जाणार होते. सगळं जुळलं होतं. फक्त आमच्या बाईसाहेब बाटलीला तोंड लावायला तयार नव्हत्या. मी हौसेनं अस्वलाचं चित्र असलेली, दोन कानांची गुलाबी बाटली आणली होती. निपल ओठाला लागलं की ती जिभेनं ढकलायची, कमान करायची आणि असा टाहो फोडायची की मावशीसुद्धा दारातून म्हणाल्या, "बाई गं, अशी भुकेली ठेवून मला न्हाई सांभाळता येनार. उद्या काय झालं तर?" वाटी-चमच्याचंही तसंच. अर्धं झबल्यावर, उरलेलं माझ्या अंगावर.

नोकरी गेली तर परळीत राहायचं कारणच संपत होतं आणि पुण्यात नवरा चौघांबरोबर एका खोलीत राहत होता. पण खरं सांगते, मला पैशाची भीती नव्हती. मला भीती होती ती त्या दोन खोल्यांची. दिवसातले पाच तास का होईना, कुणीतरी मला मॅडम म्हणेल, फळा पुसायला डस्टर देईल, एवढ्याचसाठी मी जीव टाकत होते. हे कुणाला सांगणार?

त्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सोमवारी दुपारी ती रडायला लागली आणि पाठोपाठ मीही. जिन्यावर चपला वाजल्या. काका तिसऱ्या पायरीवर. "बाटली दाखवा."

दिली. त्यांनी ती उजेडात धरली, पाणी घालून उलटी केली. "ही धार हाय. लेकराला ठिबक पायजे. आनि मान बघा किती बारीक. आत बोट जात न्हाई. बोट जात न्हाई ती बाटली धुनार कशी? हे अस्वल कुनासाठी? तिला कळतंय का अस्वल?"

"मग कोणती आणू?"

"तुमी नका. मी आनतो."

आणि मग सुरू झालं ते. रोज सकाळी काका बाजारात जाऊन एक बाटली आणायचे. एकच. आणली की आधी नळ्यानं पाणी मोजून तिच्यात ओतायचे. "शंभर लिवलंय, शंभरावर भरायला एकशे आठ लागतंय. खामखा लोकाला फसवायलेत." आणि खऱ्या शंभरावर लाल दोरा बांधायचे. मग उकळायची, मग माझ्याकडं. लेक ढकलून द्यायची. ते पायऱ्यांवर पाठमोरे उभे राहून ऐकायचे, रडणं थांबत नाही म्हटल्यावर खालूनच सांगायचे, "उद्या दुसरी."

बुधवारी मी लेकीला घेऊन त्यांच्याबरोबर मेडिकलवर गेले. दुकानदारानं त्यांना बघूनच कपाळाला हात लावला. काका एकेक निपल चिमटीत धरायचे आणि लगेच स्वतःच्या कानाची पाळी धरायचे. निपल, पाळी, निपल, पाळी. गिऱ्हाईकं बघत उभी. "ह्याच्याइतकं मऊ पायजे," मला पाळी ओढून दाखवत म्हणाले. "ह्याच्यापरीस कडक झालं की लेकराचा जबडा दमतो."

दुकानदार म्हणाला, "काका, मी तुमाला चार बाटल्या देतो. घरी बसून निवांत बघा. जी चालंल ती ठेवा, बाकीच्या आना परत."

"एका येळंला एकच."

"आवो पन कावून?"

"ही चालली न्हाई तर दुसरीला येतोच की मी."

"मॅडम, तुमी तरी सांगा ह्यांना!" मी काय सांगणार? मला तर त्या दुकानातच रडू फुटायच्या बेतात होतं. आम्ही एक बाटली घेऊन परत आलो. तीही गेली. गुरुवारची गेली, शुक्रवारची गेली. प्रत्येकीची मान आधीपेक्षा रुंद, निपल आधीपेक्षा मऊ. लेक आधीपेक्षा हट्टी.

शनिवारी काका पाचवी घेऊन आले तेव्हा माझं डोकं फिरलं. दोन दिवस राहिले होते. मी बोलायला नको ते बोलून गेले. "तुम्हाला कळतंय का काका, माझी नोकरी जाणार आहे! सोमवारीच सगळ्या बाटल्या एकदम आणल्या असत्या तर आतापर्यंत काहीतरी कळलं असतं. तुमच्या ह्या संपल्यावर, संपल्यावरपायी माझा आठवडा गेला. नसेल जमत तर मध्ये पडायचं कशाला?"

काकांनी बाटली पायरीवर ठेवली. उतरून गेले. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतात. पाच-दहा मिनिटांनी परत आले ते हातात स्टीलचा एक डबा घेऊन. तिसऱ्या पायरीवर बसले, डबा वरच्या पायरीवर ठेवला आणि उघडला. आत पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बाटली होती. जुनी, जाड काचेची, निपल वाळून तडकलेलं. कधी वापरलेली दिसत नव्हती.

"कामानं अंबाजोगाईला गेलतो," ते बाटलीकडं बघत म्हणाले. "मंडळींना सातवा चालू होता. दुकानात ही दिसली. लई आनंदात होतो मी त्या वक्ताला, काय घ्यावं आनि काय न्हाई आसं झालतं. घेतली. आईनं बघितली आनि बोलली, लेकरू यायच्या आदी कुनी काय आनतं का रं? मी हसलो. मी ल्याबचा मानूस."

मी लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभी.

"पोरगी झाली. रडलीच न्हाई."

ते वर्तमानपत्राची घडी सरळ करत बसले. मला वाटलं, संपलं सांगून. पण खरं सांगायचं ते पुढंच होतं. "मंडळी माहेरी गेल्या. आनायला गेलतो मी, तीनदा. तिसऱ्या खेपंला दारात येऊन म्हनल्या, मी जित्ती आसताना बाटली कावून आनलीत? माज्या दुधाचा भरोसा न्हवता का तुमाला? भरोशाचा इचारच केला न्हवता मी. मला बाटली आवडलती, बास." डब्याचं झाकण त्यांनी नीट बसवलं. "बाटलीनं लेकरू जात न्हाई, मला कळतं ते. पर तवापासून आदी काय घ्यायला हातच पुढं होत न्हाई. तुमचा आठवडा गेला माज्यामुळं. माफ करा."

मला इतकी लाज वाटली की मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडली का, रडली का म्हणून रोज विचारणारा तो माणूस, आणि मी त्याला चक्रम म्हणत होते. मी काहीतरी पुटपुटले, बसा म्हटलं, चहा टाकते म्हटलं. ते थांबले नाहीत. त्या संध्याकाळी खालून कुकरची शिट्टी आली नाही.

रविवारी सकाळी मात्र ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून तिसऱ्या पायरीवर हजर. डोळे लाल, पण आवाजात उत्साह. "चूक घावली! ल्याबमधी एका येळंला एकच गोष्ट बदलायची आसती. मी नुसती बाटली बदलत बसलो. पाजनारं मानूस बदललंच न्हाई. तुमी समोर हायत, तुमचा वास हाय, मंग ती रबर कावून चोखंल? तुमी घराच्या भायेर जा."

"आणि पाजणार कोण?"

"मावशी."

"मावशी गंगाखेडला लग्नाला गेल्यात. संध्याकाळी येतील."

हात मागं बांधलेले होते ते काकांनी सोडले आणि तळहात उलटे-सुलटे करून बघितले, उजेडात धरल्यासारखे. मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, तिसरी पायरी, दुसरी पायरी, पहिली पायरी करत वर आले आणि भिंतीला पाठ लावून मांडी घातली. "द्या."

मी लेकीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती लगेच रडायला लागली आणि मी पळाले. खरंच पळाले. अंगणात थांबवेना, गल्लीच्या टोकालाही तिचा आवाज येत होता, म्हणून चालत सुटले ती थेट स्टेशनात. फलाटावरच्या बाकावर बसले. गाडी नव्हती कुठलीच. दूध भरून ब्लाऊज ओला झालेला, पदर ओढून बसले. वाटलं, परळीत मला ओळखणारी दोनच माणसं आहेत आणि ती दोघं आत्ता एकमेकांसमोर रडत असतील.

तासाभरानं परत आले तर घरात आवाज नाही. जिना कशी चढले मला आठवत नाही.

काका होते तिथंच, तसेच. लेक त्यांच्या हातावर झोपलेली, ओठाच्या कडेला दूध. त्यांच्या दुसऱ्या हातात रिकामी बाटली. गालावरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात गुंतल्यामुळं पुसता येत नव्हतं.

"लई रडली," ते म्हणाले. असा आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "पयलं लई रडली. जोरात रडली. मंग प्याली. समदं संपलं." आणि मग हळूच, "हिला घ्या आता. पायाला मुंग्या आल्यात, अर्ध्या घंट्यापासून हललो न्हाई."

मी बाटली बघितली तर अस्वलाची! फक्त निपल बुधवारचं, लाल दोऱ्यानं आवळून बसवलेलं. म्हटलं, "काका, हिला तर बोट जात नाही ना?"

"न्हाई जात. मी धुतो रोज, तुमी फिकर करू नका."

सोमवारी मी कॉलेजात गेले. मावशींकडं लेकीला ठेवायची वेळच आली नाही. दहा ते तीन ती खाली काकांकडं, पुढची दोन वर्षं. त्या बारीक मानेची बाटली धुवायला त्यांनी काडीला कापूस बांधून एक हत्यार तयार केलं होतं. ती त्यांच्या अंगावर शी करायची, नाक ओढायची, त्यांचं एकुलतं एक पेन चघळायची. वाटी, पावडर, चप्पल, सगळं मात्र संपल्यावर किंवा तुटल्यावरच. त्यात काही फरक नाही पडला.

लेक अडीच वर्षांची झाली आणि नवऱ्यानं पुण्यात घर घेतलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा काकांनी तिला ल्याबच्या आलेखाच्या कागदावर उभी केली आणि पेनानं पावलाभोवती रेघ ओढली. "कशाला हो काका?" "आसंच." टेम्पो निघाला तेव्हा ते हात मागं बांधून दारात उभे होते.

मग काय, आपण सगळे जसे वागतो तशीच मी वागले. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन. मग सणावाराला. मग त्यांचाच येई, दोन मिनिटांचा. "रडती का आजून?" "आता शाळेत जाते काका, आता कुठली रडते!" "बरं हाय." दिवाळीला आम्ही येतो असं मी म्हणायचे, मग उन्हाळ्यात येतो म्हणायचे. तसं म्हणताना मला माहीत असायचं की जमणार नाही. तरी म्हणायचे. एकटं असणं काय असतं हे ज्या घरात मी शिकले, त्या घराला मी असं फसवत राहिले.

गेल्या हिवाळ्यात शेवटी आम्ही दोघी गेलो. लेक सात वर्षांची. काका आणखी वाकलेले, पण शर्ट तसाच धुतलेला. वरच्या खोल्यांना कुलूप. "भाडेकरू ठेवला नाहीत काका?" "न्हाई. सामान ठेवलंय."

काय सामान असणार ह्यांचं! मी वर गेले. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर अस्वलाची बाटली आणि ती जुनी काचेची बाटली शेजारी-शेजारी, दोन्ही लख्ख धुतलेल्या. आणि भिंतीच्या फळीवर ओळीनं लहान मुलीच्या सँडल. पाच जोड. लाल, निळी, पुन्हा लाल. प्रत्येक आधीच्यापेक्षा बोटभर मोठी. एकीलाही माती लागलेली नाही. वर भिंतीवर तो आलेखाचा कागद. तिच्या पावलाची रेघ, शेजारी एक ठळक ठिपका आणि तिथून पुढं वर चढत गेलेली तुटक रेघ.

काका माझ्यामागून वर आले होते. मी कागदाकडं बोट केलं.

"पाय दर वर्साला येवढा वाढत आसंल, आसा अंदाज धरला," ते म्हणाले. "रीडिंग मिळालं न्हाई ना, म्हनून तुटक काढली."

"तुम्ही तर आधी काही आणत नाही, काका."

"तुमी येतो म्हनायचे ना दिवाळीला. आल्यावर आनायला गेलो आसतो तर तेवढा येळ तिच्याबिगर गेला आसता."

लेकीनं एकेक जोड घालून बघितला. पहिले चारही लहान झालेले. कुठल्या वर्षीचा अंदाज बरोबर होता हे कळायला आता काही मार्ग नव्हता. पाचवा मात्र मोठा होता, टाच मागं मोकळी राहत होती. "हा पुढच्या वर्साचा," काका घाईनं म्हणाले. ती त्यातच खोलीभर टापटाप करत फिरली, आणि ते भिंतीला टेकून ऐकत राहिले.

निघताना त्यांनी तो जोड पिशवीत घातला. मी काढून परत फळीवर ठेवला. म्हटलं, "इथंच राहू द्या. घालायला येतो आम्ही दिवाळीला."

काका माझ्याकडं बघून हसले. रागानं नाही, पण भरवसा नसलेला माणूस हसतो तसं. "आदी या. मंग बोला."

पुणे-परळीची तिकिटं मी ह्या खेपेला रिझर्व्हेशन सुरू झालं त्याच दिवशी काढली. दिवाळीला अजून वेळ आहे. लेकीला रोज समजावते की परळीच्या आजोबांना फोनवर सांगायचं नाही. काल मात्र गुपचूप तिचं पाऊल वहीच्या पानावर ठेवून मी रेघ ओढली, आणि ते पान तिकिटांबरोबर पर्समध्ये ठेवलं.